डाव्या पायाचा हॅम

माईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक हाड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मी वेडी झालेय की नाही, एवढंच मला शोधून द्या."

सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी दिवस नीट उजाडला नव्हता. समोरची घरं धुक्यात विरघळली होती. खिडकीच्या काचेला फक्त एक पांढरा, ओला उजेड टेकून उभा होता.

आत्याबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. सगळं गाव त्यांना आत्याबाईच म्हणायचं. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी आगी कशा लागल्या ते शोधलं होतं. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. लोक हरवलेल्या वस्तू, खोट्या सह्या आणि नको त्या शंका घेऊन त्यांच्या दारी यायचे. सोबतीला थोरले भाऊ होते, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना त्या अण्णा म्हणत. अण्णांच्या डोक्याचं काम त्यांच्या जुन्या पोस्टासारखं चालायचं. सगळं पोचायचं, पण उशिरा.

"सावकाश सांगा माई," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्या नेहमी तशाच ऐकायच्या.

माई सत्तरीच्या होत्या. आयुष्यभर त्यांनी पुस्तकं बांधली होती. बोटांची टोकं अजून कडक होती.

"दरवर्षी हिवाळ्याच्या सुट्टीला सगळे जमतात आणि मी हॅम भाजते. तीस वर्षं झाली. डुकराची मुरवलेली मांडी आणायची, रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी मंद भट्टीत सरकवायची. अकराला बाहेर काढून वरची साल सोलायची, चरबीवर आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या. पत्त्यांतल्या चौकटीसारखी नक्षी होते. चिरा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक लवंग. मग मध, साखर आणि संत्र्याची साल यांचा जाड लेप, आणि पुन्हा भट्टीत. या रविवारीही तसंच केलं. मग वर जाऊन पडले."

"किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघता का?" अण्णांनी विचारलं.

"आमच्या घरात घड्याळाला कोण विचारतो? नियम एकच. ज्याला आधी वास येईल त्याने उठायचं. मध तांबूस होऊ लागला की वास बदलतो. लहानपणापासून माझा थोरलाच आधी उठायचा. पुढे त्याच नाकावर त्याने पोट भरलं. चहाच्या पेढीत चाखायचं काम करतो तो."

"आणि या रविवारी?"

"या रविवारी मला गाढ झोप लागली. खिडकीखालीच शेड आहे. धाकटी तिथे खुर्च्यांना वॉर्निश लावत होती. त्या वासाने डोकं चढलं, म्हणून खिडकी आणि दार दोन्ही लावून घेतलं होतं. उठले तेव्हा सव्वा वाजला होता. खाली आले तर, कसं सांगू? जिना माझा, भिंती माझ्या, पण घर दुसऱ्याच कोणाचं तरी. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पडदे हलताहेत. धुकं आत शिरलेलं, पार दिव्यापर्यंत. वॉर्निशचा वास घरभर. आणि ओट्यावर हॅम. चकाकणारा, देखणा. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे."

"मग?"

"जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, हा माझा हॅम नाही. सगळे थांबले. थोरला म्हणाला, 'आई, तुझाच आहे. तूच केलास सकाळी. विसरलीस.' इतक्या मायेने म्हणाला की मला रडूच आलं."

तिथून सगळं सुरू झालं होतं. खिडक्या माईंनी उघड्या टाकल्या आणि विसरल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. भाजायचा ट्रे तीस वर्षं काळाकुट्ट होता, तो लखलखीत निघाला. तोही माईंनीच घासला आणि विसरल्या. शुक्रवारी डॉक्टर तपासायला येणार होते. तळ्याकाठच्या वृद्धनिवासात एक खोलीही बघून ठेवली होती.

"खिडकीतून बदकं दिसतात म्हणे," माई म्हणाल्या. "मला बदकं नकोत, आत्याबाई. मला माझी भट्टी हवी."

आत्याबाईंनी कागद उलगडला. हाडाला चरबीचा एक वाळका तुकडा चिकटला होता. त्यात एक लवंग होती, चौकटीच्या अगदी मधोमध.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग शाल उचलली.

"चला अण्णा. आज बुधवार. शुक्रवार फार लांब नाही."

---

खाटकाचं दुकान माईंच्या मागच्या दारापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. पांढऱ्या फरशा, पांढरा ॲप्रन, बाहेर पांढरं धुकं. त्या सगळ्या पांढऱ्यात खाटकाचे लाल गाल तेवढे खरे वाटत होते.

त्याने हाड हातात घेतलं आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

"उजव्या पायाचं."

"नक्की?"

"बाई, हातमोज्यांतला डावा-उजवा तुम्हाला कळतो ना? तसंच."

"माईंना कुठला दिला होता?"

"डावा. त्यांना डावाच लागतो. डुक्कर अंग खाजवतं ते उजव्या पायाने, म्हणून तो निबर, असं त्या म्हणतात. मला काही ते पटत नाही. पण तीस वर्षं मी स्वतः निवडून…" खाटीक हाताखालच्या फडक्याची उगाच घडी घालायला लागला.

"तुम्ही भाजलेले हॅमही विकता वाटतं," आत्याबाई सहज म्हणाल्या.

"सुट्टीपुरते. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांच्यासाठी. सफरचंदाचा रस, मोहरी, साखर. लवंग प्रत्येक चौकटीच्या मधोमध."

"संत्रं?"

"नाव काढू नका. सालीला हात लागला तरी माझ्या अंगावर पुरळ उठतं."

"रविवारी एखादा उरला होता?"

"एक. ज्यांनी सांगितला होता ते आलेच नाहीत. साडेबाराला दुकान बंद करत होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि घेऊन गेलं."

"कोण आलं?"

"गिऱ्हाईक."

"बाई की बुवा?" अण्णांनी पुढे होऊन विचारलं.

"गिऱ्हाईक," खाटीक ठामपणे म्हणाला. "मी शब्द दिलाय. माणूस रडवेलं झालं की शब्द द्यावा लागतो."

बाहेर आल्यावर अण्णा हळहळले. "बघ, मराठी भाषेनेच चोराला पाठीशी घातलं. गिऱ्हाईक आलं, माणूस रडवेलं झालं! पण काय गं, खाटकानेच चुकून माईंना उजवा पाय दिला असता तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अण्णा. जर-तर राहू दे. लवंग मधोमध आहे, ती बघ. माई वेड्या झालेल्या नाहीत, एवढं तर कळलं. हॅम बदलला गेला. आता कोणी आणि का, ते बघायचं."

---

माईंच्या स्वयंपाकघरात जुना मध, लाकूड आणि राख यांचा वास मुरला होता. भिंतीवर ट्रे लटकत होता. आत्याबाईंनी तो उजेडात धरला. तळावर तारेच्या काथ्याचे बारीक गोल ओरखडे होते. एका कोपऱ्यात, कडेच्या घडीत, काळ्या काचेसारखं काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने टोकरलं, पण ते निघालं नाही.

सून मुलांच्या वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची. सर्दीने आवाज अजून बसलेला होता.

"मी मागच्या खोलीत टेबलावरच्या कापडांना इस्त्री करत होते," ती म्हणाली. "रेडिओ लावला होता. बारा वाजता वाफ घ्यायला गरम पाणी आणायला इथे आले. भट्टीच्या काचेतून हॅम दिसला. छान सोनेरी होता. वासाचं विचाराल तर, माझं नाक त्या दिवशी नुसतं शोभेला होतं. सगळ्यांना ठाऊक होतं ते. सगळे मला म्हणालेच होते, तू आज वासाच्या भानगडीत पडू नकोस."

"मग पुन्हा कधी आलात?"

"एकच्या सुमाराला जेवणघरात कापड घालायला. काय गारठा होता! खिडक्या सगळ्या उघड्या. हे बिचारे कोट घालून पेपर वाचत बसले होते."

"खिडक्या लावल्या नाहीत त्यांनी?"

"आईंना वाईट वाटेल म्हणून नसतील लावल्या. फार हळवे आहेत हे." ती थोडा वेळ लाल पेन्सिलीशी चाळा करत राहिली. "हल्ली जरा जास्तच. तंद्रीत असतात. समोर बसूनही लांब गेल्यासारखे."

जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक दार होतं. आत्याबाईंनी ते उघडून पाहिलं, बंद करून पाहिलं. त्याच्या खाली बोटभर फट होती.

धाकटी शेडमध्ये होती. ती जुनं फर्निचर दुरुस्त करायची. तिच्या हातांवर तपकिरी डाग होते आणि बोलणं सरळ.

"जेवायच्या हाकेपर्यंत मी इथेच होते. दोन दिवस माझ्या नाकात वॉर्निशशिवाय काही शिरत नव्हतं. पण जीभ होती ना! त्या हॅममध्ये मोहरी होती, आत्याबाई. आईने कधी मोहरी घातली नाही. मला वाटलं, या वेळी काही नवीन केलं असेल."

"आई म्हणाली, हा माझा नाही. तेव्हा तुम्ही बोलला नाहीत?"

धाकटीने ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "दादा इतक्या खात्रीने म्हणाला. त्याच्या नाकापुढे माझ्या जिभेची काय किंमत? माझंच चुकलं असेल, असं वाटलं." मग ती हळूच म्हणाली, "तेव्हापासून झोप नाही मला."

परतताना अण्णा खूश होते. "मला कळलं! हॅम करपला. सूनबाईंचं नाक बंद, धाकटीच्या नाकात वॉर्निश. दोघींपैकीच एकीच्या हातून झालं. थोरला तर दाराला लागून बसला होता. तिथे काही जळलं असतं तर सगळ्यात आधी त्याला कळलं असतं. पण मग त्याला कसं नाही कळलं?"

"हाच प्रश्न धरून ठेव अण्णा," आत्याबाई म्हणाल्या. "सोडू नकोस."

---

चहा चाखायची खोली चौथ्या मजल्यावर होती, धुक्याच्या वर. काचेच्या छतातून दुधी ऊन उतरत होतं. खाली शहर नव्हतंच, नुसता कापूस पसरला होता. लांब पांढऱ्या टेबलावर बारा कप ओळीने मांडले होते आणि प्रत्येकापुढे आकड्याची चिठ्ठी होती. वाफ सावकाश वर चढत होती. अण्णांना वाटलं, इथे मोठ्याने बोललो तर काहीतरी फुटेल.

थोरला पन्नाशीचा, उंच आणि मृदू होता. त्याने दोघांसाठी खुर्च्या ओढल्या.

"आईसाठी आलात ना? मला तिला पाठवायचं नाही हो. पण भीती वाटते. भट्टी पेटती ठेवून झोपते. एखाद्या दिवशी घर पेटेल."

"तो हॅम तिचाच होता?"

"आत्याबाई, मी नाकावर जगतो. संत्र्याची साल, मध, लवंग. टेबलावर ठेवला आणि खोली भरून गेली. डोळे मिटूनही ओळखला असता."

"खरंच, केवढी ही विद्या!" आत्याबाई उठून टेबलापाशी गेल्या. त्यांनी एक कप उचलला, हुंगला, ठेवला. दुसरा उचलला, हुंगला, ठेवला. त्यांची शाल चिठ्ठ्यांवरून सळसळत गेली. अण्णांना सगळ्या चहांचा रंग एकच वाटत होता.

"मला एकदा दाखवा ना कसं करता ते. हा चौथा बघू."

थोरल्याने शेजारच्या वहीवर नजर टाकली. चमचाभर चहा जोरात सुर्र करून ओढला, तोंडात घोळवला, थुंकला.

"उंच डोंगरावरचा. पहिल्या तोडणीचा. फुलांसारखा, अगदी हलका."

"अण्णा, तूही बघ," आत्याबाई म्हणाल्या.

अण्णांनी घोट घेतला. त्यांना तो ओल्या लाकडाच्या धुरासारखा लागला. शेकोटीजवळ बसून प्यायल्यासारखा. पण मोठ्या जाणकाराने फुलं म्हटल्यावर आपण धूर कसा म्हणायचा? "वा," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

आत्याबाई जिन्यावर थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काही सापडलं नाही?" अण्णांनी विचारलं.

"सगळं सापडलं. तेच तर वाईट आहे."

---

गुरुवारी दुपारी चार वाजता माईंच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. माई भट्टीजवळच्या खुर्चीत. सून आणि धाकटी बाकावर. थोरला दारात उभा. अण्णा कोपऱ्यात.

"या घराबाहेर काही जाणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. "मी सुरू करण्याआधी कोणाला स्वतःहून काही सांगायचंय?"

खिडकीबाहेर धुकं हळूहळू विरत होतं आणि कुंपण एकेक फळी करून परत येत होतं.

"ठीक. माई, तुम्ही डाव्या पायाचा हॅम आणला, संत्रं लावलं आणि लवंगा छेदांवर टोचल्या. टेबलावर आला तो उजव्या पायाचा. त्यात मोहरी होती आणि लवंगा चौकटींच्या मधोमध होत्या. तो खाटकाकडचा होता. साडेबाराला विकला गेला. तुम्ही म्हणालात, हा माझा नाही. तुम्ही बरोबर होतात. या खोलीत सगळ्यात शाबूत डोकं तुमचं होतं."

माईंनी पदराने डोळे टिपले. बाकीचे खाली बघत होते.

"मग तुमचा हॅम कुठे गेला? ट्रेने सांगितलं. काथ्याने घासघासून तीस वर्षांचा काळेपणा काढला, पण कोपऱ्यात जळलेली साखर राहिली. मी वीस वर्षं जळक्या वस्तू पाहिल्यात. साखर एकदा काच झाली की सहजी सुटत नाही. हॅम करपला. बाराला तो सोनेरी होता, सूनबाईंनी पाहिला. म्हणजे त्यानंतरच्या अर्ध्या तासात तो काळा झाला. घरभर धूर झाला. म्हणून खिडक्या उघडल्या. माई, तुम्ही खाली आलात तेव्हा दिव्यापर्यंत दिसलं ते सगळंच धुकं नव्हतं. आणि जळका वास तुम्हाला आला नाही, कारण त्याच खिडक्यांतून शेडमधलं वॉर्निश आत भरलं होतं."

"पण केलं कोणी?" सून कुजबुजली. "मी नाही हो."

"ठाऊक आहे. अण्णा म्हणाला, तुमचं नाक बंद होतं म्हणून तुमच्याच हातून झालं असेल. मी उलटा विचार केला. तुमच्या हातून करपला असता तर तुम्ही काय केलं असतं? रडला असता आणि सांगून मोकळ्या झाला असता. सर्दी होती, कोणी बोल लावला नसता. धाकटीचंही तेच. वॉर्निशची सबब तिच्या हातात होती. ज्याच्याकडे चांगली सबब असते तो लपवत नाही. लपवतो तो, ज्याला सबब सांगताच येत नाही. ज्याचं नाक बंद आहे, असं कोणी स्वप्नातही मानणार नाही."

दारातला थोरला हलला नाही.

"घरात एकच माणूस भट्टीपासून एका दाराच्या अंतरावर होता. दाराखाली फट आहे. त्याला वास यायलाच हवा होता. खिडक्या उघड्या असताना तो कोट घालून बसला होता, पण उठून त्या लावत नव्हता. कोट घातला होता, कारण बाहेर जाऊन आला होता. मला तो म्हणाला, हॅमला संत्र्याच्या सालीचा वास होता, खोली भरून गेली. पण त्या हॅमला संत्र्याचा स्पर्शही झाला नव्हता. तो वास त्याला येत नव्हता. आठवत होता."

"आत्याबाई, पुरे," थोरला म्हणाला.

"काल मी चौथा आणि नववा कप बदलून ठेवला. क्षमा करा. चौथ्या जागी धुरावलेला चहा होता. अण्णालाही धूर लागला. तुम्ही वहीत बघून फुलं म्हणालात."

अण्णांनी आ वासला. "म्हणजे मी बरोबर होतो?"

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

थोरला भिंतीला टेकत खाली बसला, लहान मुलासारखा, फरशीवरच. "पावसाळ्यानंतर ताप आला होता," तो म्हणाला. "ताप गेला आणि वासही गेला. वाटलं, येईल आठवड्याभरात. चार महिने झाले. साबण नाही, पाऊस नाही, काही नाही. कागद चघळल्यासारखं जेवतो. वहीवरून आणि आठवणीवरून नोकरी करतो. रविवारी पेपर वाचत होतो. डोळे चुरचुरले म्हणून वर बघितलं, तर दाराखालून धूर येत होता. मी इथे आलो तेव्हा कोळसा झाला होता. कालव्यात टाकला. खाटकाच्या पाया पडलो."

"आणि मी विचारलं तेव्हा?" माईंचा आवाज शांत होता.

"तू म्हणालीस, हा माझा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आधी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. कारण नाक माझं. मी खरं सांगितलं असतं तर मी संपलो असतो. म्हणून म्हणालो, विसरलीस. एकदा म्हणालो आणि मग ते वाढतच गेलं, आई. थांबवताच आलं नाही."

"आणि भट्टी पेटती ठेवून मी झोपते, घर जाळेन, हे?"

त्याने मान खाली घातली.

सून उठून त्याच्यासमोर बसली. "मी सुट्टीआधी नवं अत्तर लावायला लागले होते," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही काही म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुमचं माझ्यावरून मन उडालं. अहो, चार महिने! मला तरी सांगायचं."

धाकटी भावाकडे बघत होती. रागाने की दयेने, ते तिलाही कळत नसावं.

माई खुर्चीतून उठल्या. सगळ्यांना वाटलं, त्या मुलाला जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"चार रात्री मी आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव म्हणून पाहिलंय," त्या म्हणाल्या. "विसरते की काय म्हणून. पोरांची नावं, पुस्तकांची नावं, पहाटेपर्यंत. ते तू केलंस. नाक गेलं त्यात तुझा दोष नाही. हे मात्र तू केलंस." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. तुझी जीभ तुझ्या भावाच्या नाकाला गहाण टाकली होतीस का?"

"नाही आई," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली.

"उद्या डॉक्टर येताहेत," माई थोरल्याला म्हणाल्या. "येऊ देत. तुला दाखव."

---

डॉक्टर आले. वास परत येईलही, नाहीही, असं ते म्हणाले. सोमवारी थोरला पेढीत गेला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. त्याला चाखायच्या खोलीतून काढलं आणि तळमजल्यावरच्या गोदामात घातलं. तिथे काचेचं छत नव्हतं, धुक्याच्या वरचं ऊन नव्हतं. पहिल्या दिवशी तो पोत्यांच्या रांगेत बराच वेळ नुसता उभा राहिला, असं सुनेने नंतर आत्याबाईंना सांगितलं. घरी आला तेव्हा मात्र हलका वाटत होता. त्या रात्री तो चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला.

तळ्याकाठच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. माई अकरा दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी निरोप गेला, रविवारी सकाळी ये. आत्याबाईंना आणि अण्णांनाही बोलावणं होतं.

ते पोचले तेव्हा भट्टी तापली होती. लेप लावलेला हॅम आत होता. माईंनी मुलाला भट्टीपुढे स्टुलावर बसवलं होतं.

"बघू नकोस," त्या सांगत होत्या. "डोळे मीट आणि ऐक. मध पातळ असतो तेव्हा तडतडतो. घट्ट व्हायला लागला की बुडबुडे जड होतात, आवाज खाली बसतो. माझी आजी म्हातारपणी बघू शकत नव्हती, ती असंच भाजायची."

अण्णांनी श्वास रोखून धरला. भट्टीच्या आत, दूर कुठेतरी पाऊस पडत असावा तसा आवाज येत होता. खिडकीतून ऊन येऊन थोरल्याच्या मिटल्या पापण्यांवर बसलं होतं. सून दाराशी उभी होती, धाकटी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून.

"आता?" थोरल्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? कान तुझे आहेत."

तो ऐकत राहिला. हळूहळू तो पाऊस मंदावला, जड झाला, थेंबाथेंबाने पडायला लागला.

"आता," तो म्हणाला.

माईंनी दार उघडलं. वाफेचा मोठा लोट बाहेर आला. त्यांनी वाकून पाहिलं, बोटाने लेपाला हलकेच स्पर्श केला आणि ते बोट तोंडात घातलं.

"दोन मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पुन्हा ये."